दिल्लीला न गेलेलं पत्र

यंदा उन्हाळ्यात आमच्या पांढुर्ण्याच्या जुन्या घराचे कवेलू उतरवून स्लॅब टाकायचं काढलं. माळा रिकामा करताना काकाजींची लोखंडी ट्रंक खाली आली. आत कात्रणांचे गठ्ठे, तहसील स्तरावरच्या पत्रकाराला मिळतं ते अधिमान्यतेचं कार्ड, माधवराव सप्रे यांचा काच तडकलेला फोटो आणि एक जाड पाकीट होतं. पाकिटावर पत्ता होता, 'माननीय अध्यक्ष, प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली'. तिकीट चिकटवलेलं, पण त्याच्यावर पोस्टाचा शिक्का नाही. म्हणजे पत्र लिहिलं गेलं, तिकीट लागलं, आणि ते गेलं मात्र नाही.

जुन्या मंडळींना काकाजी आठवत असतील. नागपूरच्या एका मराठी दैनिकाचे ते इथले वार्ताहर, आणि त्याच पेपरचे एजंटही. पहाटे स्टेशनावर जाऊन बंडल उतरवायचं, सायकलवर घरी आणायचं, पोरांना वाटून द्यायचं आणि दुपारी बातम्या लिहायच्या. बातम्यांचं पाकीट नागपूरच्या बसच्या कंडक्टरच्या हाती जायचं. सौंसरकडचं काही असलं तर तिकडूनच पाठवायचं. मोबदला इतका होता की घर संत्र्याच्या बागेवरच चाललं, पेपरवर कधीच नाही.

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक असायची. तिथं काकाजींचा एक आवडता विषय होता, 'पेपरवाल्याचा मालक कोण?' ते म्हणायचे, पेपरवाल्याला तीन मालक. एक पेपर काढायची परवानगी देणारा, दुसरा कार्ड देणारा आणि तिसरा कान पकडणारा. पहिल्या दोघांना ते भीत. तिसऱ्याला, म्हणजे प्रेस कौन्सिलला, ते हसत. 'बिनदाताचा वाघ' हा त्यांचा ठरलेला शब्द. मग एका उन्हाळ्यात काय झालं ते पुढं सांगतो. त्याआधी हे तीन मालक आले कुठून ते सांगायला हवं, कारण त्या इतिहासात आपली मराठी माणसं फार आहेत आणि आपल्याच पोरांना ते ठाऊक नाही.

सुरुवात सप्र्यांपासूनच करू. माधवराव सप्रे हे मराठी घरातले, जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, हिंदीत. १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंद केसरी' सुरू केलं, म्हणजे टिळकांचा 'केसरी' हिंदीतून सगळ्या मध्यप्रांतात पोचला. पुढल्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि २२ ऑगस्टला सप्रे पकडले गेले. कलम तेच, १२४-अ, राजद्रोह. त्याच सुमारास नागपूरच्या 'देशसेवक'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही खटला झाला. त्या काळात पेपरवाल्यांवर नजर ठेवणारी संस्था म्हणजे पोलीस आणि मॅजिस्ट्रेट. मधे कोणी नाही.

घरच्यांच्या आग्रहापुढं सप्र्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. पण त्या माफीचं शल्य त्यांच्या मनातून गेलं नाही. कित्येक वर्षं ते सार्वजनिक कामातून बाजूला राहिले, मधुकरी मागून राहिले. 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' यांचे हिंदी अनुवाद त्यांनी त्यानंतरच्या काळात केले. काकाजींनी त्यांचा फोटो भिंतीवर लावला होता तो या माफीच्या गोष्टीसाठी. पाहुणे विचारायचे, एवढे मोठमोठे संपादक झाले, माफी मागणाऱ्याचाच फोटो का? काकाजी म्हणत, "मांगितली ना माफी? पन मांगून तो सुखानं जेवला नाही. तसा मानूस दाखवा दुसरा."

सप्र्यांचीच प्रेरणा असलेलं 'कर्मवीर' १९२० मध्ये जबलपूरहून निघालं, संपादक माखनलाल चतुर्वेदी. पेपर काढायचा तर १८६७ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन घोषणापत्र, म्हणजे डिक्लरेशन, द्यावं लागे. सांगतात ते असं, की जाणत्यांनी अर्जात 'पोटापाण्यासाठी पेपर काढतो' असं घालून ठेवलं होतं, म्हणजे साहेब अडवणार नाही. चतुर्वेदींनी साहेबापुढं ते कारण सांगितलंच नाही. तुमचं राज्य चालता चालता थबकेल असा पेपर काढायचा आहे, या अर्थाचं सरळ बोलले, आणि साहेबानं तरी परवानगी दिली. ही गोष्ट ऐकवताना काकाजी शेवटी हळूच म्हणत, आता असा साहेबही नाही अन् असा अर्जदारही नाही. स्वतः त्यांनी पांढुर्ण्याहून मराठी साप्ताहिक काढायचं एकदा मनावर घेतलं होतं. पाठवलेलं प्रत्येक नाव कोणीतरी आधीच घेतलेलं निघालं. तिसऱ्यांदा नकार आल्यावर त्यांनी नाद सोडला आणि त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बागेचा हिशोब लिहिला. तोही ट्रंकेत सापडला.

इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५२ मध्ये सरकारनं पहिला प्रेस कमिशन नेमला, त्याचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. १९५४ च्या त्यांच्या अहवालात दोन सूचना महत्त्वाच्या होत्या. एक, देशातल्या वर्तमानपत्रांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार असावा. दुसरी, पेपरवाल्यांचे दोष पोलिसांनी नाही तर त्यांच्याच बिरादरीनं बघावेत, त्यासाठी प्रेस कौन्सिल असावी. घरातलं भांडण घरातल्या वडीलधाऱ्यानं मिटवावं, चावडीवर जाऊ नये, असा तो विचार. रजिस्ट्रारचं ऑफिस १९५६ च्या जुलैत लगेच उघडलं. नोंदवही ठेवायची सरकारला घाई होती! कौन्सिलचा कायदा व्हायला मात्र १९६५ उजाडलं.

१९५६ हे साल आपण पांढुर्णा-सौंसरकर विसरत नाही. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. नागपूर ही आपली राजधानी होती, ती एका रात्रीत परराज्य झाली. पेपर मात्र नागपूरचाच येत राहिला. त्यामुळं काकाजींसारख्यांचं मोठं गमतीचं झालं. छपाई महाराष्ट्रात, बातमी मध्यप्रदेशची, वाचक मराठी, आणि कार्डासाठी अर्ज करायचा हिंदीतून. एका ऑफिसात बाबूनं त्यांना विचारलं होतं, तुमचा पेपर आम्हाला वाचता येत नाही, मग तुम्ही आमच्याबद्दल काय लिहिता हे आम्ही कसं समजायचं? काकाजी म्हणाले, म्हणूनच तर बरं चाललंय!

कौन्सिल अखेर ४ जुलै १९६६ ला स्थापन झाली. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. हे आपल्या भागातलंच नाव. अमरावतीचे रा. न. मुधोळकर, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, त्यांच्या घराण्यातले हे. वकिली नागपुरात केली, नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, म्हणजे आपलाही जिल्हा ज्या कोर्टाच्या हद्दीत होता तिथले. पुढं सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेचा पाया बदलता येतो का, हा प्रश्न त्यांनी १९६४ च्या एका निकालात उपस्थित केला होता आणि पुढच्या पिढीच्या न्यायाधीशांनी तो धागा उचलला. असा माणूस पेपरवाल्यांच्या पंचायतीचा पहिला सरपंच झाला याचा ओट्यावर फार अभिमान होता. कौन्सिलचं काम १६ नोव्हेंबर १९६६ ला सुरू झालं, म्हणून तो दिवस आज राष्ट्रीय पत्रकारिता दिन म्हणून साजरा होतो. हार-तुरे होतात, शाल मिळते. मुधोळकरांचं नाव एकाही भाषणात ऐकलं नाही.

पण वडीलधारा खरा लागतो तो घरात चोर शिरल्यावर. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, सेन्सॉर बसला. कौन्सिलपुढं तेव्हा 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक बी. जी. वर्गीस यांना काढल्याच्या तक्रारीचं प्रकरण चालू होतं. त्याचा निकाल लागायच्या आधी सरकारनं कौन्सिलच उचलून ठेवली. १ जानेवारी १९७६ पासून ती बरखास्त. फेब्रुवारीत चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच केली. काकाजींनी त्या वर्षी नसबंदीच्या शिबिरांवर दोन बातम्या पाठवल्या, दोन्ही छापून आल्या नाहीत. नंतर त्यांनी फक्त कापसाचे भाव आणि भजनी मंडळांच्या बातम्या लिहिल्या. १९७७ मध्ये सगळ्या मध्यप्रदेशात काँग्रेसला एकच लोकसभा जागा मिळाली, ती आपल्या छिंदवाड्याची. त्यामुळं ओट्यावर आणीबाणीची चर्चा पुढंही जरा दबूनच व्हायची. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

नवं सरकार आलं, १९७८ ला नवा कायदा झाला आणि १९७९ मध्ये कौन्सिल पुन्हा उभी राहिली. तीच आज आहे. अध्यक्ष आणि अठ्ठावीस सभासद. त्यात तेरा पत्रकार, वृत्तपत्रांचे सहा मालक-चालक, एक वृत्तसंस्थेचा, पाच खासदार आणि तिघे विद्यापीठ अनुदान आयोग, बार कौन्सिल आणि साहित्य अकादमीकडून. दोघांचीही तक्रार तिथं चालते, पेपरविरुद्ध वाचकाची आणि सरकारविरुद्ध पेपरची. साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात, पण बातमी कोणी दिली हे पत्रकाराला जबरदस्तीनं विचारता येत नाही. आणि शेवटी? ताकीद देता येते, समज देता येते, निंदा करता येते. दंड नाही, कैद नाही, पेपर बंद करता येत नाही. काकाजींचा बिनदाताचा वाघ तो हाच.

आता १९८६ चा तो उन्हाळा. सौंसरकडच्या एका गावात कंट्रोलच्या दुकानातलं घासलेट काळ्या बाजारात जात होतं. काकाजींनी ती बातमी लिहिली. बातमी खरी होती. पण बसची वेळ झाली म्हणून दुकानदाराचं नाव त्यांनी पानठेल्यावर ऐकलेलं घातलं, तपासलं नाही. ते नाव निघालं दुकानदाराच्या चुलतभावाचं. तो भाऊ म्हणजे शाळेत शिकवणारे गुरुजी, ज्यांनी आयुष्यात खडूचा तुकडासुद्धा घरी नेला नव्हता. त्यांच्या मुलीची वरूडला बोलणी चालू होती. बातमी वरूडलाही पोचली. पेपर आपल्याकडं येतो तसा तिकडंही जातोच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी ओट्यावर आले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, पेपरच्या घड्या घालत होतो. आरडाओरडा नाही, शिवी नाही. पाणी घेतलं, मग खिशातून दोन कागद काढले. एक नागपूरला संपादकांना लिहिलेलं पत्र, दुसरं हे दिल्लीचं. म्हणाले, "मी कोर्टात जात नाही भाऊ. तारखा पडता पडता माही पोरगी म्हातारी होईन. पहिले संपादकाले लिहिलं, तसा नियम हाय. त्यानं नाही ऐकलं तर दोन महिन्यांत दिल्लीले लिहाव लागते. थे लिहून ठेवलं." गुरुजी नागरिकशास्त्र शिकवत. प्रेस कौन्सिलचे नियम काकाजींना माहीत नव्हते, गुरुजींना माहीत होते.

काकाजी त्यांच्यापुढं हसले नाहीत, पण ते गेल्यावर बैठकीत म्हणाले, काय करून घेणार दिल्ली? एक कागद पाठवतील. रात्री मात्र अंगणातल्या खाटेवर त्यांची कूस बदलायची थांबेना. काकू आतून म्हणाल्या, "दात नाही म्हनत होते ना तुमी त्या वाघाले? मंग झोपत काऊन नाही?"

हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे. मला वाटतं, दिल्लीत बसून कौन्सिलची ताकद मोजणाऱ्यांना जे दिसत नाही ते काकूंना दिसलं होतं. निंदेचा कागद मोठ्या शहरातल्या मोठ्या पेपरला एका कानानं ऐकून सोडता येतो. पांढुर्ण्यात तो कागद आला असता तर काकाजींना शुक्रवारी बाजारात भाजी घेता आली नसती. ज्याच्याविषयी लिहिलं तो माणूस रोज समोरून जाणार, त्याची पोरगी आपल्या पोरीसोबत हळदीकुंकवाला येणार. दंड भरून सुटता येतं. इथं सुटका नव्हती.

आठ दिवसांनी पेपरात खुलासा आला, आतल्या पानावर, चार ओळी. गुरुजी म्हणाले, नाव जाड अक्षरात छापलं होतं, खुलासा भिंग लावून वाचावा लागतो. ते खरंच होतं. आमच्या एजन्सीसमोर बातम्यांचा फळा असायचा, येणारे-जाणारे उभ्यानं वाचत. काकाजींनी सगळ्या बातम्या पुसल्या आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, की अमुक तारखेच्या बातमीत गुरुजींचं नाव चुकीनं आलं, चूक वार्ताहराची, आणि खाली स्वतःचं नाव. आठ दिवस तो फळा तसाच ठेवला. नवव्या दिवशी बसनं वरूडला गेले. कात्रण पुढं ठेवून मुलाच्या वडिलांना म्हणाले, चूक माझी आहे, सोयरिकीत तिचा हिशोब धरू नका. लग्न त्याच वैशाखात झालं. आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. काकाजी पंगतीत वाढत होते.

त्यानंतर ते कौन्सिलला हसले नाहीत असं नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण पी. साईनाथ यांनी उघड केलं. कौन्सिलच्या दोन सभासदांनी चौकशी करून एकाहत्तर पानांचा अहवाल दिला, त्यात पेपरांची नावं होती. कौन्सिलनं २०१० मध्ये त्याचा छोटासा सारांश तेवढा बाहेर काढला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, २०११ मध्ये, लोकांपुढं आला. मालक पंचायतीत बसलेले, निकाल मालकांविरुद्ध, मग दुसरं काय होणार, असं काकाजी म्हणाले. गंमत अशी, की ज्या माहितीच्या अधिकारानं तो अहवाल बाहेर आला, त्या कायद्याचा एक सुरुवातीचा मसुदा याच कौन्सिलनं १९९६ मध्ये केला होता. अध्यक्ष तेव्हा न्यायमूर्ती पी. बी. सावंत.

सावंतांची पुढची गोष्ट तर काकाजींनी किती जणांना सांगितली असेल! २००८ च्या सप्टेंबरात 'टाइम्स नाऊ' वाहिनीनं एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशाच्या नावाशी सावंतांचा फोटो दाखवला, जेमतेम पंधरा सेकंद. प्रेस कौन्सिलचा हा माजी अध्यक्ष दाद मागायला कौन्सिलकडं जाऊ शकत नव्हता, कारण तिचा अधिकार छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरता, टीव्हीवर नाही. वाहिन्यांनी स्वतःची वेगळी पंचायत त्याच वर्षी उभी केली होती. सावंत पुण्याच्या कोर्टात गेले. २०११ मध्ये कोर्टानं शंभर कोटींची भरपाई द्यायला सांगितलं, आणि मग अपिलं सुरू झाली. काकाजी तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाले, "यायच्यापाशी फळा नाही ना. फळा असता तं शंभर कोटी वाचले असते."

आज कौन्सिलच्या अध्यक्षपदाच्या यादीत न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचं नाव आहे, २०२२ मध्ये त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. १८६७ चा तो कायदा १ मार्च २०२४ पासून गेला, नोंदणी आता ऑनलाइन होते. आपलं पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झालं, इथं कलेक्टर आला, आणि पाचच महिन्यांत कलेक्टरपुढं उभं राहून डिक्लरेशन द्यायची रीत संपली. ना हरकत मात्र त्याची अजून विचारतात. नव्या कायद्यात अधिकाऱ्यांना पेपरच्या जागेत शिरायची मुभा आहे, यावर एडिटर्स गिल्डनं तेव्हाच आक्षेप घेतला होता. सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी हे सरकारनंच ठरवायचं, अशी सोय २०२३ मध्ये डिजिटल नियमांत केली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. दोन न्यायाधीशांचं मत फुटल्यावर तिसरं, निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर हे नागपुरातच वाढलेल्या वकिलीतले. मुधोळकरांनंतर साठ वर्षांनी पुन्हा आपल्याच बाजूचं माणूस, असं मी मनात म्हटलं.

काकाजी हे बघायला नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीला बाहेरचे कॅमेरे येतात, दगड मोजतात, संध्याकाळी निघून जातात. जखमींची नावं मोबाइलवर कोणीतरी टाकतो, निम्मी चुकीची असतात. ती कोणी पुसत नाही.

ट्रंकेतलं पाकीट मी उघडलं नाही. गुरुजींनी लग्नाच्या दिवशी ते काकाजींच्या हातात दिलं होतं, एवढं मला आठवतं. परवा वरूडला त्यांच्या मुलीला फोन लावला. ताईंना नातवंडं आहेत आता. म्हटलं, तुमच्या वडिलांच्या हातचं पत्र सापडलं, आणून देऊ का? त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पत्र तुमच्यापाशीच राहू द्या भाऊ. खुलाशाचं कात्रण माझ्यापाशी आहे, लग्नाच्या शालूत ठेवलं हाय."